ई-क्लास : सातबाऱ्यावर चराई, वावरात नांगर

मित्रहो, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. आणि शेवटपर्यंत वाचल्याशिवाय "हे राजकारण आहे" अशी कमेंट टाकू नका, कारण यात सगळ्यात आधी माझ्याच घरचा गुन्हा कबूल केलाय.

परवाच्या पोळ्याची गोष्ट. मूर्तिजापूर तालुक्यातलं पूर्णाकाठाकडचं आमचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे लिहितोय ते तालुक्यातल्या कितीतरी गावांना लागू आहे. लहानपणी तोरणाखाली बैलजोड्या उभ्या करायला जागा पुरत नव्हती, त्यावरून भांडणं व्हायची. यंदा मी मोजल्या. अकरा जोड्या भरल्या. बाजूला आमच्या गावचे जुने गायकी बसले होते, आता ऐंशीच्या पुढचे. मी शहाणपणानं म्हटलं, "ट्रॅक्टर आले ना काका, म्हणून बैल गेले."

ते म्हणाले, "ट्रॅक्टर तं आले बाप्पा. पन गाई-म्हशी काई वखरत नोत्या, त्या काहून गेल्या? ढोरं चराले जागा कुठी हाये?"

मी म्हटलं, "ई-क्लास आहे की आपली."

"कागदावर हाये. कागद काई ढोरं खात नाईत."

हे वाक्य डोक्यातून जाईना. आठ दिवसांनी तलाठ्याकडून (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, काम तेच) ई-क्लासचा सातबारा काढला, नकाशा काढला आणि प्रत्यक्ष फिरून आलो. सातबाऱ्यावर सरकारचं नाव, पुढं गुरचरण. जागेवर तूर, सोयाबीन, कपाशी, दोन गोठे, एक वीटभट्टीचा जुना खड्डा आणि उरलेल्या तुकड्यावर बाभळी. मोकळी जमीन निम्मीसुद्धा नाही. आणि नकाशा धरून चालता चालता लक्षात आलं की एका बाजूनं ई-क्लासमध्ये घुसलेला धुरा आमचाच आहे. आजोबांनी दरवर्षी दोन-दोन तास पुढं नांगरला. वडिलांनी तो सांभाळला. मी त्यातला माल विकून शिकलो.

तेव्हा हा हिशेब दुसऱ्याकडे बोट दाखवून मांडता येत नाही. पण मांडायला हवा. कारण सरकार पर्यावरणाचं दीर्घकालीन धोरण म्हणून जे काही दीडशे वर्षं करत आलं, त्याचा सगळा इतिहास या एका तुकड्यावर वाचता येतो.

"ई" आलं कुठून?

बाहेरच्या लोकांना ई-क्लास हा शब्दच कळत नाही. पुण्याकडं गायरान म्हणतात. आपल्याकडं हे इंग्रजी अक्षर का चिकटलं, त्यामागं वऱ्हाडाचा वेगळा इतिहास आहे.

१८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. पुढच्या दहा वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं (१८६१ ते १८६५), मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना आणि त्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीवर पडली. १८६७ पर्यंत रेल्वे आपल्या मूर्तिजापुरावरून पुढं नागपुरात पोचली. पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळ आणि अचलपूरकडं जाणारे फाटे निघाले, तीच आपली शकुंतला. सगळा खटाटोप कापूस बंदरावर न्यायला. कापूस वाढला तशी लागवड वाढली आणि लागवड वाढली ती गवताच्या जमिनीवर. आधी गावाभोवती चरायला मोकळं रान होतं, ते नांगराखाली गेलं. त्यात सरकारचा सारा वाढत होता, म्हणून कोणी हटकायचं कारण नव्हतं.

त्याच काळात दुसरीकडं सरकारला जंगलाची काळजी लागली. रेल्वेला लाकूड पाहिजे होतं. मेळघाटातलं बैरागड आणि गुगामाळचं रान १८६०च्या दशकातच राखीव झालं. १८८६ मध्ये वऱ्हाडासाठी वेगळा जंगल कायदा आला. जंगलांचे वर्ग पडले. 'ए' म्हणजे इमारती लाकूड आणि जळतणाचं, 'बी' म्हणजे गवताचे रमणे, 'सी' म्हणजे चराईचं रान. या जंगलांत ढोरं न्यायची तर फी. आणि जंगलखात्याच्या बाहेर, महसूल खात्याकडं, गावच्या जनावरांना फुकट चरायला जी जमीन राहिली तिचा वर्ग 'ई'. ते अक्षर आपल्या तोंडात दीडशे वर्षांनीही तसंच आहे.

म्हणजे बघा, सुरुवातीलाच वाटणी झाली. ज्या रानातून सरकारला पैसा मिळत होता त्याला गार्ड, चौकी, कायदा. ज्यातून फक्त गावाला फायदा होता त्याला एक अक्षर.

१८९९-१९०० चा दुष्काळ, आपल्याकडचे म्हातारे ज्याला छप्पनचा काळ म्हणायचे, त्यात वऱ्हाडात माणसांबरोबर ढोरंही भयंकर मेली. सगळीकडं कापूस होता, चारा नव्हता. त्या अनुभवानंतर तरी गवताची किंमत कळायला हवी होती.

गाडगेबाबांनी जिथं ढोरं चारली

आपल्या तालुक्याला या विषयात एक मोठं नाव आहे. गाडगेबाबांचा जन्म १८७६ चा, शेंडगावचा. पण ते वाढले मामाकडं, आपल्या दापुऱ्याला. लहानपणी मामाची ढोरं चारली, मग त्याच गावात शेती केली. चराईच्या रानात दिवस काढलेला माणूस. पुढं मूर्तिजापुरात त्यांनी गोरक्षण उभं केलं, ते आपण सगळे रोज बघतो.

२००० साली राज्य सरकारनं त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं. त्या अभियानानं खरंच फरक पडला, मी स्वतः खराटा हातात घेतला होता. गावात स्पर्धा लागली, नाल्या निघाल्या, संडास झाले, हागणदारी कमी झाली. पण बक्षिसाची तपासणी होऊन गेली की खराटे कोपऱ्यात. बाबा खराटा कोणाच्या तपासणीसाठी धरत नव्हते. अभियान आणि धोरण यात हाच फरक आहे. अभियानाला तारीख असते. धोरणाला माणूस लागतो, पैसा लागतो, आणि दहा वर्षांनीही "याचं काय झालं?" विचारणारा कोणीतरी लागतो.

गवताचं खातं कोणतं?

स्वातंत्र्यानंतर कायदे कमी झाले असं कोणी म्हणू नये. १९५२ चं वन धोरण आलं, मग १९८८ चं, त्यात देशाची एक तृतीयांश जमीन झाडाखाली असावी असं ठरलं (अकोला जिल्हा त्याच्या आसपासही नाही). १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेनंतर १९७४ चा पाणी प्रदूषणाचा कायदा, १९७६ ला घटनेत पर्यावरण रक्षणाचं कलम ४८-अ, भोपाळनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा. २००२ चा जैवविविधता कायदा. यादी मोठी आहे.

पण या यादीत गवत शोधा. झाडाला वनखातं आहे. पाण्याला पाटबंधारे आहे, प्रदूषण मंडळ आहे. वाघाला प्राधिकरण आहे. गवताला कोणीच नाही. जमीन महसुलाची, सांभाळ ग्रामपंचायतीकडं, जनावरं पशुसंवर्धनाकडं, झाड लावायचं तर सामाजिक वनीकरणाकडं. देशात वन धोरण आहे, जल धोरण आहे, चराईचं वेगळं राष्ट्रीय धोरण मात्र नाही. आणि जे गवत कोणाच्याच खात्यात नाही त्याला सरकारी भाषेत 'पडीक' म्हणतात. पडीक म्हटलं की ती जमीन 'कामाला लावायची' असते.

मग प्रत्येक पिढीत कोणीतरी ती कामाला लावली.

१९५९ आणि १९६४-६५ ला दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. मागणी होती पडीक सरकारी जमीन कसायला द्या. मागणी न्याय्य होती. पिढ्यानपिढ्या ज्यांच्या नावावर वीतभर वावर नव्हतं त्यांनी कुठं जायचं? अखेर १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. म्हणून ई-क्लासवरच्या प्रत्येक अतिक्रमणाला एकच काठी लावू नका. पोटासाठी एकरभर कसणारा वेगळा आणि घरचं वीस एकर असून धुरा सरकवणारा वेगळा. आमचं घर दुसऱ्या प्रकारातलं.

१९८२ नंतर सामाजिक वनीकरण आलं. सुबाभूळ, निलगिरी लागली. मग २०१६ पासून राज्याची मोठी वृक्षलागवड मोहीम. १ जुलै २०१६ ला एका दिवसात २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटींचं लक्ष्य. आकडे ऐकून छाती फुगत होती. आमच्या ई-क्लासवरही खड्डे झाले, शाळेच्या पोरांनी रोपं लावली, फोटो निघाले. मार्चमध्ये पाणी घालायला कोणी नव्हतं. पुढं त्या मोहिमेच्या चौकशीसाठी विधानसभेत समिती नेमायची वेळ आली. मुळात प्रश्न वेगळा होता. जिथं पवन्या, मारवेल, कुंदा गवत उगवायला पाहिजे तिथं खड्डे खणून आपण नेमकं काय वाचवत होतो?

मग आली लोक जैवविविधता नोंदवही. कल्पना फार चांगली. प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती, गावातले जुने जाणकार, गायकी, वैदू, बाया बसून गावची झाडं, गवतं, पक्षी, जनावरं, बियाणं लिहून काढणार. कायदा २००२ चा, पण बहुतेक गावांत वही नव्हती. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं दट्ट्या दिला, की ३१ जानेवारी २०२० पर्यंत वह्या पूर्ण करा, नाहीतर राज्याला महिन्याला १० लाख रुपये दंड. सतरा वर्षांचं काम काही महिन्यांत धावपळीनं उरकलं. आपल्या गावची वही तुम्ही कधी पाहिली का? मी मागितली. मिळाली. आमच्या गायकी काकांना वाचून दाखवली. त्यांनी बोटं मोजत सात-आठ गवतांची नावं सांगितली जी वहीत नव्हती. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

एक गंमत ऐका. २०२३ मध्ये आपल्या पूर्णाथडी म्हशीला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद मिळाली. भुऱ्या रंगाची, आपल्या उन्हात आणि खारपाणपट्ट्यात तग धरणारी, अकोला-अमरावती-बुलढाण्याची म्हैस. पेपरात बातमी आली, आपण अभिमानानं फॉरवर्ड केली. जातीची नोंद झाली आणि ती जात जिथं चरून घडली त्या जमिनीची नोंद मिटत चालली. खारपाणपट्ट्यात हे जास्त लागतं. इथं विहिरीचं पाणी खारं, जमीन चिकण, पाणी मुरत नाही. गावतळं आणि त्याभोवतीची ई-क्लास हाच ढोरांचा गोड्या पाण्याचा आधार. पोकरा योजनेतून २०१८ पासून शेततळी मिळाली, चांगलं झालं, ज्यांच्या नावावर वावर आहे त्यांना उपयोग झाला. पण चार शेळ्या असलेल्या बाईचं वावरच नाही, तिचं तळं कुठं खणणार?

कोर्टाचा कागद

२८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं पंजाबातल्या जगपालसिंग प्रकरणात निकाल दिला. गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढा, सगळ्या राज्यांनी योजना करा. महाराष्ट्रानं १२ जुलै २०११ ला शासन निर्णय काढला, की दुसरी जागा नसेल आणि सार्वजनिक काम असेल तरच गायरान द्यायचं. कागदावर याहून स्पष्ट काही असू शकत नाही.

अकरा वर्षांनी, २०२२ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयानं विचारलं की काय केलं? सरकारनंच सांगितलं, गायरानांवर दोन लाखांहून जास्त बांधकामं आहेत. मग घाईघाईनं नोटिसा निघाल्या, गोरगरिबांच्या घरात रडारड झाली, आंदोलनं झाली आणि सगळं थांबलं. अकरा वर्षं काहीच नाही आणि मग अकरा दिवसांत सगळं, हे धोरण नव्हे. यात पहिला मार घरकुल नसलेल्याला बसतो, धुरा सरकवणाऱ्याला नाही.

आणि आता नवीन पाहुणा म्हणजे सौर प्रकल्प. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात (२०२३) वीज उपकेंद्राजवळच्या सरकारी जमिनी, त्यात गायरानंही, पॅनेलसाठी दिली जातात. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, तीन वर्षं. दिवसा वीज पाहिजे, मला स्वतःला पाहिजे, रात्री विंचवाकाट्यात पाणी द्यायला जाणं काय असतं ते मला माहीत आहे. सौरऊर्जा ही पर्यावरणाचीच गोष्ट आहे. पण एका हिरव्या योजनेसाठी दुसरी हिरवी जमीन कुंपणात घालताना निदान गावाला विचारा. ढोरं कुठं जातील ते आधी लिहा, मग करार करा.

शेजारचंच उदाहरण बघा. वर्धा-नागपूर आणि पुढच्या पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत अशाच जमिनीला जुन्या दप्तरात 'झुडपी जंगल' नाव पडलं. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं, आपल्या अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश असताना, ती जमीन वनच आहे असं म्हटलं आणि १९९६ पूर्वीच्या वापराला सवलतीची वाट ठेवली. तिकडं 'जंगल' शब्द लागला म्हणून वनकायद्याचं संरक्षण मिळालं. इकडं 'ई' लागला म्हणून नाही. दप्तरातल्या एका शब्दावर जमिनीचं नशीब ठरतं ते असं.

मग सरकारला जमतच नाही का?

जमतं. मेळघाट बघा. १९७३ ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता, १९७४ ला तो जाहीर झाला. पन्नास वर्षं झाली, किती सरकारं आली-गेली, प्रकल्प चालू आहे. कारण हद्द आखलेली, खातं ठरलेलं, माणसं नेमलेली आणि दर काही वर्षांनी वाघ मोजून जाहीर करावे लागतात. त्याची किंमत कोरकू बांधवांनी पुनर्वसनात मोजली, ते विसरता येणार नाही. पण सरकारनं मनावर घेतलं तर पन्नास वर्षं टिकतं, हे आपल्या डोळ्यासमोर आहे.

आणि दुसरं उदाहरण अचलपूर तालुक्यातलं पायविहीर. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये त्या गावाला लगतच्या उजाड जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गावानं नियम केले, चराई आणि कुऱ्हाड आवरली, रोजगार हमीतून झाडं आणि माती-पाण्याची कामं केली, सीताफळं एकत्र विकली. २०१४ मध्ये त्यांना जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिथं पोलीस उभा नव्हता. जमीन आपली आहे असं लिहून मिळालं आणि तिचं उत्पन्नही आपलं आहे हे कळलं, एवढंच झालं.

म्हणजे दोन रस्ते आहेत. सरकारनं नीट राखावं नाहीतर गावाला नीट द्यावं. आपल्या ई-क्लासच्या वाट्याला दोन्ही आलं नाही. मालक सरकार, सांभाळ ग्रामपंचायत, आणि जबाबदार कोणीच नाही.

आता काय?

भाषण संपलं, कामाचं सांगतो.

एक. आपल्या गावच्या ई-क्लासचा सातबारा आणि नकाशा काढा. विदर्भाच्या गावांना निस्तारपत्रक असतं, गावाचा चराई, जळतण, पाणवठा, पांदण यांवरचा हक्क त्यात लिहिलेला असतो. महाराष्ट्र जमीन महसूल कायद्यात त्याला जागा आहे. ते काढून वाचा. बहुतेकांनी पाहिलेलंही नाही.

दोन. जैवविविधता नोंदवही मागा आणि तुमच्या गावच्या गायक्यांसमोर वाचा. चुकलेलं लिहून समितीकडं द्या. ही माणसं आहेत तोवरच हे होईल.

तीन. ग्रामसभेत जा. ई-क्लासवर झाडं, सौर, गोदाम काहीही येवो, आधी मोजणी आणि हद्दखुणा, मग चर्चा, असा ठराव मांडा. भूमिहीनाची भाकर आणि मोठ्याचा सरकलेला धुरा वेगळे मोजा.

माझ्यापुरतं सांगतो. आमच्या धुऱ्याची मोजणी व्हावी आणि ई-क्लासमध्ये गेलेला पट्टा सोडतो, असा अर्ज मी मागच्या सोमवारी दिला. घरात बोलाचाली झाली. भाऊ म्हणाला, "बाकीचे सोडत नाईत, तू काहून सोडतं?" त्याला मी नीट उत्तर देऊ शकलो नाही. गायकी काकांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत, शाबासकीही दिली नाही. एवढंच म्हणाले, "तेवढ्यात दोन गाई चरतीन."

दोन गाई. दीडशे वर्षांच्या धोरणापुढं फारच छोटा आकडा आहे. पण जागेवर जाऊन मोजता येईल असा आहे.

तुमच्या गावच्या ई-क्लासची काय अवस्था आहे, खाली लिहा. गावाचं नाव लिहायचं नसेल तर नका लिहू, पण मोकळी किती उरली ते मात्र फिरून बघून लिहा.